जुनी स्पोर्ट्स कार विकण्याआधी तिला रंग देऊ नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जुन्या मोटारींच्या विक्रीच्या बातम्या आपल्या आणि इतर मराठी वृत्तपत्रांत अलीकडे वरचेवर वाचायला मिळतात. त्यांत गाडीचे नाव असते, तिचा पूर्वीचा मालक कोणी राजा किंवा नट असल्यास त्याचा उल्लेख असतो आणि लिलावात आलेली रक्कम तर मथळ्यातच असते. ती गाडी आज कोणत्या अवस्थेत आहे, तिच्यातले मूळचे किती उरले आहे आणि नंतर घातलेले किती, याविषयी मात्र बहुधा एक ओळही नसते. ‘अगदी नव्यासारखी चकचकीत’ हे विशेषण तेवढे सर्वांत मोठी प्रशंसा म्हणून योजलेले असते. जुन्या गाड्यांची इंजिने उघडून दुरुस्त करणे हा माझा व्यवसाय आहे. या एका विशेषणाच्या मोहाने आपल्याकडच्या चांगल्या, अस्सल गाड्यांचे जेवढे नुकसान झाले आहे तेवढे पावसाने आणि गंजानेही झाले नसेल, असे माझे ठाम मत आहे आणि त्यासाठीच हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

एका गाडीची हकीकत सांगितल्याशिवाय माझे म्हणणे स्पष्ट होणार नाही. 5 सप्टेंबर 2020 रोजी इंग्लंडमध्ये लंडनजवळ हॅम्प्टन कोर्ट येथे गुडिंग या अमेरिकी लिलाव कंपनीने काही निवडक मोटारी विक्रीस काढल्या. त्यांत 1934 सालची बुगाटी टाइप 59 स्पोर्ट्स होती. तिच्या काळ्या रंगाला जागोजागी भेगा गेलेल्या होत्या, काही ठिकाणी तो उडून खालचा धातू दिसत होता, आसनाचे कातडे झिजून सुरकुतलेले होते. आपल्याकडच्या कोणत्याही डेंटर-पेंटरने तिच्याकडे पाहून आधी सगळा रंग खरवडून काढण्याचा सल्ला दिला असता. ती गाडी 95 लाख 35 हजार पौंडांना, म्हणजे त्या वेळच्या विनिमय दराने 90 कोटींहून अधिक रुपयांना विकली गेली. घेणाऱ्याने ती घरी नेऊन रंगवली नाही. चार वर्षांनी, ऑगस्ट 2024 मध्ये, कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे भरणाऱ्या अभिजात मोटारींच्या स्पर्धेत याच गाडीला सर्वोत्कृष्ट मोटारीचा मान मिळाला. ही स्पर्धा 1950 पासून भरते आणि या क्षेत्रात तिच्याहून मोठी प्रतिष्ठा दुसऱ्या कोणत्याही स्पर्धेला नाही. नूतनीकरण न करता जशीच्या तशी जतन केलेल्या गाड्यांच्या गटातून हा सर्वोच्च मान एखाद्या गाडीला मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

या घटनेचे महत्त्व कळण्यासाठी आधीच्या काही दशकांची रीत ध्यानात घ्यावी लागते. अशा स्पर्धांत उतरणाऱ्या गाड्या शेवटच्या स्क्रूपर्यंत सुट्या केल्या जात, पत्रा सोलून उघडा केला जात असे, क्रोमचे भाग पुन्हा मुलामा देऊन आरशासारखे केले जात आणि इंजिनाच्या ज्या भागाला कारखान्याने कधी पॉलिश केले नव्हते तोही लखलखीत केला जात असे. 1930 च्या दशकातील बहुतेक गाड्यांवर नायट्रोसेल्युलोजचा रंग असे. त्याची चमक मऊ असते आणि उन्हापावसात ती हळूहळू मावळते. आजच्या दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगाची काचेसारखी, खोल दिसणारी चमक त्या काळातल्या कोणत्याही कारखान्यातून बाहेर पडत नव्हती. तेव्हा ‘नव्यासारखी’ केलेली गाडी प्रत्यक्षात नवी असताना कधीच तशी दिसत नव्हती. पेबल बीचच्या परीक्षकांनी भेगाळलेल्या बुगाटीला पहिला मान दिला, तेव्हा या साऱ्या रीतीलाच एक उत्तर मिळाले.

त्या बुगाटीत जपण्यासारखे काय होते, तेही सांगायला हवे. टाइप 59 ही फ्रान्समधील अल्सास प्रांतातल्या मोलशाइम येथील कारखान्याने ग्रां प्री शर्यतींसाठी बांधलेली गाडी. एका ओळीत आठ सिलिंडर, 3.3 लिटरचे इंजिन, त्यावर सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारे यंत्र, आणि सुमारे 250 अश्वशक्ती असा तिचा मूळचा बाज होता. 1933 मध्ये स्पेनमधील सान सेबास्तियनच्या शर्यतीत ती प्रथम उतरली. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच गाड्या बांधल्या गेल्या, पण आजही पुष्कळ जाणकार तिला आजवरची सर्वांत देखणी ग्रां प्री मोटार मानतात. तिच्या चाकांच्या तारा विलक्षण बारीक आहेत, कारण त्यांना फक्त गाडीचे वजन पेलायचे असते. इंजिनाचा जोर आणि ब्रेकचा ताण चाकाच्या आतील अॅल्युमिनियमच्या दातेरी तबकडीतून थेट रिमकडे जातो. माझ्यासारख्या माणसाने नुसते ते चाक पाहिले तरी कारखान्याचा संस्थापक एत्तोर बुगाटी याच्या विचाराची दिशा कळते. 1934 मध्ये रने द्रेफ्यूस या चालकाने बेल्जियममधील स्पा येथील ग्रां प्री टाइप 59 मधून जिंकली. त्याच सुमारास मर्सिडीझ आणि ऑटो युनियन या जर्मन गाड्या पुढे निघून गेल्या, तेव्हा बुगाटीने यांपैकी काही गाड्या इंग्रज चालकांना विकल्या. आपण बोलत आहोत ती मात्र कारखान्याजवळच राहिली. पुढे कारखान्यानेच तिचा सुपरचार्जर काढला, तिला दोन माणसांची स्पोर्ट्स बॉडी आणि मडगार्ड बसवले आणि 1937 च्या हंगामात ज्याँ-पिएर विमीय याने ती शर्यतींत चालवली. 1938 मध्ये ती बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांनी घेतली आणि त्यांच्यासाठी तिला काळा रंग व पिवळा पट्टा देण्यात आला. आज दिसणाऱ्या भेगा याच काळ्या रंगाला गेलेल्या आहेत. 2020 मध्ये घेणाऱ्याने केवळ तिचा आकार विकत घेतला असे म्हणता येणार नाही. तसा आकार आज एखादा कुशल कारागीर नव्याने ठोकून देऊ शकतो. कारखान्याने केलेला बदल, राजाने दिलेला रंग आणि त्यानंतर ज्यांनी ज्यांनी हात आवरता ठेवला त्यांचा संयम, असे सगळे त्या पत्र्यावर एकत्र टिकून राहिले होते, आणि किंमत त्याची होती.

‘मूळ’ म्हणजे नेमके काय, असा प्रश्न इथे कोणीही विचारील आणि तो रास्त आहे. हीच बुगाटी आधी ग्रां प्रीची होती, नंतर स्पोर्ट्स झाली, मग राजाच्या रंगात रंगली. मग तिची मूळ अवस्था कोणती धरायची? याचे उत्तर माझ्या मते असे, की गाडीच्या उमेदीच्या काळात, तिच्या स्वतःच्या कारखान्याने किंवा तिचा उपयोग करणाऱ्या मालकाने गरजेपोटी केलेला बदल हा तिच्या इतिहासाचाच भाग असतो. पुढे कित्येक दशकांनी, केवळ विक्रीसाठी किंवा दिखाव्यासाठी केलेला बदल त्या इतिहासावर बोळा फिरवतो. एखाद्याने उद्या टाइप 59 चा काळा रंग खरवडून तिला 1934 च्या फ्रेंच निळ्या रंगात आणि ग्रां प्रीच्या रूपात परत नेण्याचे ठरवले असते, तर वरवर तो ‘मूळ रूपाकडे’ प्रवास दिसला असता. प्रत्यक्षात विमीय आणि लिओपोल्ड या दोघांचाही पुरावा त्यात नष्ट झाला असता.

हा वाद न्यायालयातही गेलेला आहे. बेंटली स्पीड सिक्स या जातीची ‘ओल्ड नंबर वन’ नावाची गाडी 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षे फ्रान्समधील ल माँची 24 तासांची शर्यत जिंकली. दोन्ही वेळा वुल्फ बार्नाटो हा तिच्या चालकांपैकी एक होता. पुढे तिचे इंजिन बदलले, बॉडी बदलली, 1932 मध्ये इंग्लंडमधील ब्रुकलँड्सच्या शर्यतीत तिला भीषण अपघात होऊन क्लाइव्ह डनफी हा चालक मरण पावला, आणि त्यानंतर ती पुन्हा नव्या बॉडीत उभी राहिली. अनेक वर्षांनी तिचा 1 कोटी पौंडांचा सौदा ठरला तेव्हा ही ती गाडीच नव्हे, असे म्हणून घेणाऱ्याने माघार घेतली. 1990 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांनी सर्व पुरावा तपासून निकाल विकणाऱ्याच्या बाजूने दिला. 1929 साली ल माँला धावलेला धातू तिच्यात फारच थोडा उरला होता, हे न्यायालयाला दिसत होते. तरीही गाडीचे अस्तित्व कुठेही खंडित झालेले नव्हते, प्रत्येक बदल केव्हा आणि का झाला हे सांगता येत होते आणि त्याच नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगात नव्हती. मला या निकालातून एक गोष्ट फार मोलाची वाटते. जिथे धातू बदलला तिथे कागद आणि साखळी न तुटलेला इतिहास गाडीच्या बाजूने साक्ष देतो. आपल्याकडे विक्रीच्या वेळी धातूही बदलला जातो आणि कागदही रद्दीत जातात, मग साक्ष द्यायला काहीच उरत नाही.

आता मी माझ्या कामातले उदाहरण देतो. महाराष्ट्रात जुन्या स्पोर्ट्स गाड्या म्हटले की बुगाटी नव्हे, एमजी आठवतात. एमजी टीसी ही 1945 ते 1949 या काळात इंग्लंडमधील अॅबिंग्डन येथे सुमारे 10,000 इतक्या संख्येने बांधलेली, 1250 सीसी इंजिनाची, दोन माणसांची उघडी गाडी. तिच्या पत्र्याच्या आत लाकडाची चौकट असते आणि इंजिनाचा क्रमांक एका लहान अष्टकोनी पितळी पट्टीवर ठोकून ती पट्टी इंजिनाच्या ब्लॉकला रिव्हेटने बसवलेली असते. अशीच एक टीसी एका कुटुंबात दोन पिढ्या सांभाळलेली होती. वारसांनी ती विकायचे ठरवल्यावर कोणीतरी त्यांना सांगितले, की आधी रंग मारून घ्या, भाव चढेल. पेंटरने मन लावून काम केले. मूळचा हिरवा रंग खरवडून काढला, पोचे आलेल्या जागी लांबी (पुट्टी) भरली, वरून लाल रंग दिला, झिजलेल्या कातड्याच्या जागी रेक्झिन बसवले आणि इंजिन स्वच्छ करण्याच्या भरात ती पितळी पट्टी काढून ठेवली. ती पुन्हा कोणालाच सापडली नाही. गाडी माझ्याकडे आली ती विकत घेणाऱ्याने पाठवली म्हणून. त्याला एवढेच हवे होते, की हे इंजिन आणि ही चेसिस (गाडीचा खालचा सांगाडा) कारखान्यातून एकत्रच निघाली होती हे मी त्याला सांगावे. डॅशबोर्डच्या मागे हिरव्या रंगाचा एक ओघळ तेवढा शिल्लक होता, त्यावरून मूळ रंग कळला. इंजिनाविषयी मला काहीच खात्रीने सांगता आले नाही.

यात पेंटरला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला सांगितलेले काम त्याने केले. पण विक्रीच्या दृष्टीनेही हा व्यवहार तोट्याचाच झाला, हे वारसांना कोणीतरी समजावून सांगायला हवे होते. जाणता गिऱ्हाईक ताज्या रंगाला भितो. रंगाखाली किती लांबी भरली आहे, पत्रा कुठे जोडलेला आहे, लाकूड कुजलेले आहे की शाबूत आहे, हे त्याला दिसत नाही, म्हणून तो सगळ्यांत वाईट शक्यता धरून भाव सांगतो. जुना, विटलेला रंग काही लपवत नाही. दाराच्या कडेला पत्रा उघडा पडला असेल तर तिथे लांबी नाही हे दिसते. बोनेटच्या पट्टीखाली रंग अजून गडद असेल तर बाहेरचा रंग उन्हानेच विटला आहे, मागाहून फासलेला नाही, हे कळते. चालकाच्या बाजूची गादी आणि क्लचचे पॅडल एकाच मानाने झिजले असतील तर मीटरवरचा आकडा बहुधा खरा आहे असे धरता येते. स्क्रूच्या खाचा न ओरबाडलेल्या असतील तर तो भाग फारसा उघडलेला नाही. कापडाचे वेष्टण असलेल्या विजेच्या तारा, काचेच्या कोपऱ्यातली बनावटीची खूण, रिव्हेटचा आकार, मीटरच्या तबकडीवरची अक्षरे, अशा बारीकसारीक गोष्टी मिळून गाडी स्वतःची ओळख पटवते. रंगाची जाडी मोजणारे लहान यंत्र हल्ली सहज मिळते, त्यामुळे गिऱ्हाइकाला फसवण्याचा कोणाचा हेतू असला तरी तो फार वेळ टिकत नाही.

इथे एका गैरसमजाविषयीही लिहिले पाहिजे. जतन म्हणजे गाडी तशीच कुजत ठेवणे, असा माझ्या म्हणण्याचा अर्थ नाही. फेब्रुवारी 2015 मध्ये पॅरिसमध्ये आर्त्क्यूरियाल या संस्थेने बायों नावाच्या कुटुंबाच्या 59 गाड्या लिलावात काढल्या. पश्चिम फ्रान्समधील एका वाडीवर त्या कित्येक दशके पडून होत्या, काहींवर तर छप्परही धड नव्हते. त्यांतली अभिनेते अलँ देलों यांच्याकडे एके काळी असलेली फेरारी 250 जीटी कॅलिफोर्निया स्पायडर जुन्या मासिकांच्या ढिगाऱ्याखाली सापडली आणि 1 कोटी 60 लाख युरोंहून अधिक किमतीला विकली गेली. तेव्हापासून धुळीलाच भाव आहे असा समज काही लोकांनी करून घेतला. धूळ मूळ नसते. फेरारी बंद खोलीत होती म्हणून वाचली. उघड्यावर ठेवलेल्या काही गाड्यांचा पत्रा चाळणी झाला होता, आणि त्या गाड्यांतून कोणालाही काही वाचता येत नाही. वापराने आलेली झीज आणि दुर्लक्षाने झालेली नासाडी यांत फरक करता आला पाहिजे. हल्ली तर नव्या पत्र्यावर मुद्दाम गंज चढवून ‘जुनेपणा’ विकण्याचे प्रकारही होतात. ती सरळ फसवणूक आहे.

त्याहून चांगले उदाहरण डॉ. हॅरल्ड कार यांच्या बुगाटीचे आहे. इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या या शल्यविशारदांनी 1955 मध्ये 1937 सालची टाइप 57 एस अटालांट घेतली. तिचा पहिला मालक अर्ल हाऊ, म्हणजे 1931 ची ल माँ शर्यत जिंकणाऱ्या दोघांपैकी एक. डॉक्टरांनी ती काही वर्षे चालवली, मग घराच्या गॅरेजमध्ये लावून ठेवली आणि 2007 मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ती तिथेच उभी होती. नातलगांनी तिला हात लावला नाही, ना रंग दिला ना इंजिन चालू करून पाहिले. मूळची चेसिस, मूळचे इंजिन, मूळची बॉडी आणि मीटरवर 26,284 मैल अशा स्थितीत ती फेब्रुवारी 2009 मध्ये पॅरिसला बॉनहॅम्सच्या लिलावात 34 लाख युरोंहून अधिक किमतीला गेली. नातलगांनी इंजिन चालू करण्याची घाई केली नाही, याचे मला विशेष कौतुक वाटते. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीला बॅटरी जोडून स्टार्टर मारणे हा तिच्यावर होणारा सर्वांत मोठा आघात असतो. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात, जुन्या पेट्रोलचा चिकट थर टाकीत आणि कार्ब्युरेटरमध्ये जमलेला असतो, बेअरिंगवर तेलाचा थेंब नसतो. अशा वेळी स्पार्क प्लग काढून त्या छिद्रांतून पातळ तेल सोडावे, काही दिवस तसेच राहू द्यावे, टाकी आणि नळ्या रिकाम्या करून साफ कराव्यात आणि मग हँडलने, हाताच्या जोरावर, इंजिन अगदी हळू फिरवून पाहावे. ते फिरले नाही तर जबरदस्ती करू नये.

टायर, ब्रेकच्या रबरी नळ्या, फॅनचा पट्टा, गॅस्केट, तेले या गोष्टी झिजण्यासाठीच असतात आणि गाडी रस्त्यावर आणायची असेल तर त्या बदलल्याच पाहिजेत. कोणाच्याही जिवापेक्षा 70 वर्षांपूर्वीचा टायर मोठा नाही. बदललेला भाग मात्र फेकून न देता खूण करून गाडीसोबत ठेवावा आणि नवा भाग केव्हा बसवला याची नोंद करावी. जुन्या वाहनांच्या संघटनांची ‘फिवा’ ही 1966 पासूनची जागतिक महासंघटना आहे. तिने 2012 मध्ये स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेचा गाभा हाच आहे. प्राचीन वास्तूंच्या जतनासाठी 1964 मध्ये झालेल्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर ती तयार केलेली असून हस्तक्षेप कमीत कमी असावा, तो ओळखता यावा आणि त्याची नोंद राहावी असे ती सांगते. शनिवारवाड्याच्या दिंडीला कोणी नव्या पद्धतीचा तेलरंग लावायला निघाला तर आपण सगळे विरोध करू. तशीच काळजी एका मोटारीचीही घ्यावी, इतकीच ती मागणी आहे. आपल्या हवेत गंजाची भीती खरीच आहे, विशेषतः मुंबईत आणि कोकणात. त्यावर उपाय रंग नव्हे. पत्र्याच्या आतल्या पोकळ्यांत गंजरोधक मेण किंवा तेल फवारावे, गाडी प्लॅस्टिकच्या कव्हरखाली न ठेवता सुती कापडाखाली ठेवावी, म्हणजे आतला दमटपणा बाहेर जाईल, आणि गॅरेजमध्ये हवा खेळती राहील असे पाहावे.

आपल्या राज्यातील मालकांसाठी कायद्यातही एक सोय झालेली आहे आणि ती पुरेशी लोकांपर्यंत पोहोचलेली नाही. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पहिल्या नोंदणीला 50 वर्षांहून अधिक काळ झालेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवण्याची तरतूद केली. गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि तिच्या चेसिसमध्ये, बॉडीमध्ये किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी त्यात अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये आणि पुनर्नोंदणीचे 5,000 रुपये आहे. नवीन नोंदणी झालेल्या गाड्यांना ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो, मात्र ज्यांची नोंदणी आधीच झालेली आहे त्यांना आपला जुना क्रमांक कायम ठेवता येतो. नेहमीच्या प्रवासासाठी किंवा धंद्यासाठी ती वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कामांपुरती ती रस्त्यावर आणता येते. जुना क्रमांक राखण्याची मुभा मला फार महत्त्वाची वाटते, कारण जुन्या मालिकेतली ती तीन अक्षरे गाडी कुठल्या जिल्ह्यात पहिल्यांदा उतरली ते सांगतात. ‘मूळ स्वरूप’ हे शब्द नियमात आले ही समाधानाची बाब आहे, परंतु रंग आणि आतील सजावट यांचा त्या अटीत उल्लेख नाही. परिवहन खात्याने नोंदणीच्या वेळी गाडीचा सध्याचा रंग मूळचा आहे की नंतरचा, आसनांचे आवरण कोणते, इंजिन-चेसिसच्या पट्ट्या जागेवर आहेत की नाहीत, याची छायाचित्रांसह नोंद ठेवावी अशी माझी विनंती आहे. त्याने कोणाचीही अडवणूक होणार नाही आणि पुढे गाडी विकली गेली तर घेणाऱ्याला आणि विकणाऱ्यालाही आधार मिळेल.

ज्यांच्या वाड्यात, बंगल्यात किंवा कारखान्याच्या शेडमध्ये अशी एखादी एमजी, ट्रायम्फ किंवा जग्वार उभी आहे आणि ती विकण्याचा विचार चालू आहे, त्यांना माझे सांगणे आहे, की गाडी धुण्याआधी तिची सर्व बाजूंनी, खालून आणि बोनेट उघडून छायाचित्रे काढावीत. मग कपाटे शोधावीत. जुने आरसी बुक, कराच्या पावत्या, विम्याचे कागद, आयातीची कागदपत्रे, गाडीजवळ उभे राहून काढलेले घरातील लग्नामुंजीतले फोटो, मूळचा जॅक, हँडल, पान्यांची पिशवी, जादा किल्ल्या, यांतली कोणतीही वस्तू भंगारवाल्याला देऊ नये. एखाद्या फोटोत मडगार्डचा रंग किंवा हुडाची घडी दिसते आणि तेवढ्यावरून मोठा प्रश्न सुटतो. वडीलधारी माणसे हयात असतील तर गाडी कोणाकडून, केव्हा आली, तिला अपघात झाला होता का, इंजिन कधी उतरवले होते, हे त्यांना विचारून लिहून ठेवावे. हे सगळे झाल्यावर मगच गिऱ्हाइकाला बोलवावे, आणि रंगाचा निर्णय त्याच्यावर सोडावा. खरवडलेला रंग कोणत्याही किमतीला परत मिळत नाही, पण न खरवडलेला रंग उद्याही खरवडता येतो. एवढ्याने प्रत्येक गाडीला कोट्यवधी मिळतील असे मी म्हणत नाही. बुगाटीची गोष्ट वेगळी आहे, तिच्यामागे राजा आहे, ग्रां प्री आहे आणि जगात तशा गाड्या मोजक्या आहेत. आपल्या टीसीला मिळायचा तोच योग्य भाव मिळेल, मात्र तो खऱ्या गाडीला मिळेल आणि पुढच्या मालकाच्या हाती ती शाबूत जाईल.

संस्थानिकांच्या गाड्यांची आठवण या प्रसंगी होणे साहजिक आहे. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीच्या चेसिसवर लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून बॉडी बांधून घेतली होती, ती गाडी आज भारतात नाही. त्या काळात देशाबाहेर गेलेल्या कित्येक गाड्यांची हीच कथा आहे. पुढे 1950 पूर्वीच्या मोटारी बाहेर नेण्यावर सरकारने निर्बंध आणले. बाहेर जाणारी गाडी निर्बंधाने थांबते, पण इथेच राहिलेल्या गाडीचे मूळपण आपल्याच गॅरेजमध्ये, आपल्याच हातून संपत असेल तर त्याला कोणताही निर्बंध पुरा पडणार नाही.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक विनंती आहे. यापुढे अशी एखादी गाडी विक्रीस निघाल्याची बातमी आपण छापाल तेव्हा विकणाऱ्याला निदान एवढे विचारावे, की इंजिन चेसिससोबतचेच आहे का, आतील कातडे आणि लाकूड मूळचे आहे का आणि शेवटचा रंग कोणी व केव्हा दिला. उत्तरे किमतीच्या शेजारी छापावीत. बातमी दोन ओळींनी वाढेल, आणि ती वाचणाऱ्या एखाद्या घरात पेंटरला सांगितलेले काम कदाचित थांबेल.

आपला विश्वासू,
जुन्या मोटारींचा एक दुरुस्तीकार, कोल्हापूर